‘माझ्याकडं चालतंय की’: वाचनालयाचं सॉफ्टवेअर खुलं करण्याआधी

पत्र असं आहे. कोल्हापुरातले चार मित्र खेड्यापाड्यांतल्या सार्वजनिक वाचनालयांसाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहितायत. त्यात पुस्तकांची दाखल नोंद, सभासद, देवघेव आणि वर्गणीच्या पावत्या आहेत. पायथन ही भाषा आणि खिडक्या-बटणं बनवणारं क्यूटी ६ वापरलंय, आणि चौघांच्याही लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे. १ मेला, महाराष्ट्र दिनी, पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली करायचं ठरलंय. हातात पाच आठवडे आहेत. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या स्वयंचलित चाचण्या विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही सिस्टिमवर हिरव्या, म्हणजे पास, आहेत, पण ओळखीच्या विंडोज लॅपटॉपवर बांधलेली फाइल गगनबावड्याकडच्या एका वाचनालयात नेली तेव्हा एक काळी चौकट चमकली आणि गेली. आता एक मित्र म्हणतो, सोडून देऊ, लोक चुका कळवतील, ओपन सोर्स म्हणजे तेच. दुसरा म्हणतो, मॅकवर तपासल्याशिवाय सोडायचंच नाही. मॅक कुणाकडंच नाही. ‘सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासायचं कसं, आणि नाही जमलं तर तारीख पुढं ढकलायची का?’ असा प्रश्न आहे.

दोघा मित्रांची मतं उलटी असली तरी दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीय. सिस्टिम तीन, म्हणून चाचण्या तीन, आणि तिन्हींचं वजन सारखं. मला ते पटत नाही. १ मेनंतर तुमच्या सॉफ्टवेअरसमोर बसणार आहेत ते ग्रंथपाल आणि लिपिक. तपासायचा आहे तो त्यांच्या टेबलावरचा संगणक. तिथली विंडोज ही त्या संगणकाची एक बाजू झाली. जुनी हार्ड डिस्क, मुदत संपलेला अँटिव्हायरस, मराठी नावाचं खातं, शेअर केलेला प्रिंटर आणि दुपारी जाणारी वीज या बाकीच्या बाजू.

म्हणून पहिला दिवस फोनवर घालवा. दहा-बारा वाचनालयांना विचारा: विंडोजची आवृत्ती कोणती (विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून ‘विनव्हर’ टाइप करायला सांगा), ३२ बिट की ६४ बिट, रॅम किती, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडं असतो, प्रिंटर कोणता, आणि इंटरनेट आहे की कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. उत्तरं एका तक्त्यात भरा. कुठं किती वेळ घालायचा ते या तक्त्यावरून ठरवा.

तक्त्यात विंडोज ७ निघाली तर आत्ताच ‘नाही’ म्हणा. क्यूटी ६ तिथं चालत नाही आणि विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची मालिका ३.८ होती. जुनं क्यूटी ५.१५ घेऊन वेगळी शाखा चालवता येते, पण पाच आठवडे हातात असलेल्या चौघांनी त्या वाटेला जाऊ नये. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून वाचनालयं काही लगेच नवे संगणक घेत नाहीत. तेव्हा विंडोज १०, ६४ बिट, ४ जीबी रॅम हे तुमचं मुख्य लक्ष्य धरा.

आता त्या हिरव्या खुणांबद्दल. गिटहबच्या तिन्ही यंत्रांवर चाचण्या लावल्यात हे चांगलंच केलंत. सार्वजनिक प्रकल्पाला ती साधी यंत्रं फुकट मिळतात. ‘फेल-फास्ट’ बंद ठेवा, नाहीतर एक यंत्र पडलं की बाकीची थांबवली जातात आणि चूक फक्त विंडोजची की सगळ्यांची ते कळत नाही. काही चुका तिथं हमखास सापडतात. तारखेतला शून्य काढायला टक्क्यानंतर उणे चिन्ह घालतात, ते लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवर ‘इनव्हॅलिड फॉरमॅट स्ट्रिंग’ येते. ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन विंडोजवर सापडत नाही, कारण विंडोज त्या स्वरूपातली माहिती बाळगत नाही. त्यासाठी ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज सोबत द्यावं लागतं. फाइलच्या नावातलं मोठं-लहान इंग्रजी अक्षर लिनक्सला वेगळं वाटतं, विंडोज आणि मॅकला सहसा एकच.

पण त्या यंत्रावर पायथन आधीपासून असतो, हवी ती लायब्ररी (तयार कोडचा संच) टाकलेली असते, ॲडमिनचे अधिकार असतात, खात्याचं नाव इंग्रजीत असतं, आणि पडद्यापुढं माणूस बसलेला नसतो. हिरव्या खुणेनं तुमचा कोड चालतो एवढं कळतं. गगनबावड्यात बहुधा कोड चालण्याची वेळच आली नाही, त्याआधीच गाडी अडली. तिथलं निदान करायला काळ्या चौकटीतला मजकूर वाचायला हवा. फाइलवर डबल-क्लिक न करता आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तिथून ती चालवा. चौकट उघडीच राहील आणि शेवटच्या चार ओळींत कारण दिसेल. तोवर अंदाज बांधू नका.

कोरं यंत्र तुम्हालाच तयार करावं लागेल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज बसवा. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची मूल्यमापन प्रत देतं, चाचणीपुरती ती भरपूर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, ती व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून आभासी स्वरूपात मिळते. तुमच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर ४ जीबी त्या यंत्राला द्या आणि ब्राउझर बंद ठेवा. डिस्क ६४ जीबी धरा. विंडोज बसल्या-बसल्या, पायथन वगैरे काहीही न टाकता, स्नॅपशॉट घ्या, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा. प्रत्येक चाचणी त्या स्नॅपशॉटपासून सुरू करायची आणि संपली की मागं जायचं. कालच्या चाचणीत टाकलेल्या एखाद्या फाइलच्या जिवावर आजची चाचणी पास होणं हा यातला नेहमीचा घोळ आहे.

त्या यंत्रात एक साधं खातं उघडा, ॲडमिनचं नको. त्याचं नाव ‘सार्वजनिक वाचनालय’ असं मधल्या मोकळ्या जागेसकट ठेवा. म्हणजे होम फोल्डरच्या वाटेतच देवनागरी आणि स्पेस दोन्ही येतात. निम्मी दुखणी इथंच बाहेर पडतील. प्रादेशिक सेटिंग एकदा इंग्रजी (भारत) आणि एकदा मराठी ठेवून बघा. मराठी ठेवल्यावर क्यूटीची लोकेल-व्यवस्था (भाषा-प्रदेशाप्रमाणे आकडे-तारखा दाखवणारी) आकडे देवनागरीत दाखवू शकते. दिसायला छान, पण पडद्यावरचा तो मजकूर जसाच्या तसा डेटाबेसमध्ये गेला की इंग्रजी आकड्यांतला दाखल क्रमांक आणि देवनागरीतला दाखल क्रमांक ही दोन वेगळी पुस्तकं होतात. साठवताना आकडा आकडा म्हणूनच साठवा, मजकूर म्हणून नको.

मराठी मजकूर हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे. परदेशी मार्गदर्शिकांमध्ये तो सापडत नाही, म्हणून इथं जरा थांबू.

विंडोजवर पायथन फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, सांगितलं नाही तर तो सिस्टिमचं जुनं कोडपेज (अशा आकड्यांचा तक्ता) घेतो. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ असतं आणि त्यात देवनागरी बसतच नाही. उबुंटूवर तीच ओळ सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-८ घेते, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ गृहीत धरायचं ठरलेलं आहे, पण तुम्ही त्याची वाट बघू नका. फाइल उघडण्याच्या प्रत्येक जागी एन्कोडिंग स्पष्ट लिहा. आणखी एक फसवी जागा आहे. कमांड प्रॉम्प्टवर थेट छापलेलं मराठी चालतं, पण तेच आउटपुट फाइलकडं वळवलं की पुन्हा कोडपेज आडवं येतं. लॉग लिहिणारा भाग म्हणून वेगळा तपासा.

पुस्तकांची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) काढून दिलीत तर ग्रंथपाल ती एक्सेलमध्ये उघडणार. सुरुवातीला बीओएम ही एन्कोडिंग सांगणारी खूण नसलेली यूटीएफ-८ फाइल डबल-क्लिक करून उघडली की एक्सेलमध्ये चित्रविचित्र अक्षरं दिसतात. पायथनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग देऊन लिहा, प्रश्न मिटतो. लिब्रेऑफिस उघडताना एन्कोडिंग विचारतं, त्यामुळं उबुंटूवर ही चूक सापडणार नाही.

मग शोध. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. यातला अर्धा र ‘ऱ’ या एका अक्षरापासून लिहिता येतो, साधा र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांत लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे अशाही क्रमानं लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, संगणकाला तीन वेगळी. कोणतं रूप येईल ते कीबोर्डवर ठरतं, आणि मॅकवर फाइलच्या नावांत तुकड्यांचं रूप यायची शक्यता जास्त असते. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था एचएफएस प्लस तर नावं सक्तीनं तशीच साठवायची. पहिली दोन रूपं युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणानं (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायच्या पद्धतीनं) एक होतात, तिसरं होत नाही. ते तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं. ‘ॲ’ची गतही तशीच. एकसंध ‘ॲ’ आणि अ-वर चंद्र हे एनएफसीला एक वाटत नाहीत. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही वेळा मजकूर एकाच फंक्शनमधून काढा, आणि चाचणीच्या यादीत कऱ्हाड, वऱ्हाड, दुसऱ्या, ॲड. अशा नोंदी कायम ठेवा.

अकारविल्ह्याचंही बघा. एसक्यूलाइट हा डेटाबेस काही न सांगितल्यास फक्त अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानं यादी लावतो. त्यात ळ हा ल-नंतर लगेच येतो आणि क्ष क-च्या पोटात जातो. कुठल्याही जाणत्या ग्रंथपालाला ते पहिल्या पानावर खटकेल. हे काम सिस्टिमच्या लोकेलवर सोडलंत तर प्रत्येक सिस्टिमवर वेगळा क्रम लागू शकतो, म्हणून भाषेप्रमाणे क्रम लावणारी आयसीयू लायब्ररी सोबत द्या.

पावतीचा पीडीएफ कागदावर छापून बघा. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररी देवनागरीची जोडणी करत नाहीत. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. क्यूटीच्या स्वतःच्या छपाईत अक्षरं नीट जोडणारं हार्फबझ वापरलं जातं, तोच मार्ग धरा. फॉन्ट सोबतच द्या. विंडोजवर निर्मला यूआय असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर नोटो किंवा लोहित, आणि प्रत्येकाची रुंदी वेगळी. उबुंटूवर एका ओळीत बसणारं सभासदाचं नाव तिकडं दोन ओळींत जातं आणि पावतीची रक्कम पानाबाहेर. नोटो सान्स देवनागरी मुक्त परवान्याखाली आहे, इन्स्टॉलरमध्ये घालून टाका.

विंडोजची उरलेली दुखणी भराभर सांगायला हवीत. पायथनच्या कोडपासून चालवायची फाइल बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरनं लिनक्सवर बसून विंडोजची फाइल बनत नाही. विंडोजची विंडोजवरच बांधावी लागते. ओळखीच्या लॅपटॉपवर बांधणं सोडा आणि गिटहबच्या विंडोज यंत्रावर बांधा, म्हणजे कशावर काय टाकलं होतं याची नोंद राहते. ‘वनफाइल’ (सगळं एकाच फाइलीत) प्रकार टाळा. तो दर वेळी सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो, त्यामुळं जुन्या डिस्कवर हळू उघडतो आणि अँटिव्हायरसच्या डोळ्यांवर येतो. फोल्डर प्रकार घ्या आणि इनो सेटअपनं त्याचा इन्स्टॉलर करा. मल्टिप्रोसेसिंग (एकाच वेळी अनेक प्रक्रिया) वापरत असाल तर ‘फ्रीझ सपोर्ट’ची ओळ सुरुवातीला आहे ना ते बघा, नाहीतर विंडोजवर खिडकीतून खिडकी उघडत राहते. उघडी असलेली फाइल लिनक्स पुसू देतं, विंडोज सहसा देत नाही. बॅकअप घेताना आणि नवी आवृत्ती टाकताना हे नडतं. इन्स्टॉलरवर डिजिटल सही नसेल तर विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची निळी पाटी येईल. ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ कुठं दाबायचं त्याचं चित्र सूचनापत्रात द्या. अँटिव्हायरस बंद करा असं मात्र कुणालाही सांगू नका.

दोन चाचण्या व्हर्च्युअल यंत्राबाहेर, एखाद्या जुन्या फिरत्या डिस्कच्या संगणकावर करा. पहिली आयातीची. एसक्यूलाइटमध्ये प्रत्येक पुस्तकाला वेगळं कमिट (पक्की नोंद) केलंत तर अशा डिस्कवर सेकंदाला सुमारे ६० व्यवहार होतात. १२,००० पुस्तकांना तीन मिनिटांहून जास्त लागतात, आणि तोवर खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलेलं असतं. सगळं एका व्यवहारात घातलं तर काही सेकंदांचं काम आहे. एसएसडीवर हा फरक नीट जाणवत नाही. दुसरी वीज जाण्याची. देवघेव नोंदवताना संगणकाची वायर काढा, पुन्हा चालू करा आणि नोंदी जागेवर आहेत का बघा. वेग वाढवायला कुणी ‘सिंक्रोनस’ (नोंद डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं सेटिंग) बंद करून ठेवलं असेल तर ते इथं उघडं पडेल. दोन टेबलांवरून एकच डेटाबेस शेअर केलेल्या फोल्डरमधून वापरायची मागणीही येईल. पहिल्या आवृत्तीत ती नाकारा. नेटवर्क फोल्डरवर फाइल-लॉकिंगचा भरवसा नसतो आणि डेटाबेस बिघडतो.

लिनक्सला एक दिवस पुरे. तुमचा उबुंटू २४.०४ असेल तर त्यावर बांधलेली फाइल २२.०४ वर बहुधा ‘जीलिबसी’ या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती मागेल आणि उघडणार नाही. पहिल्यात २.३९ आहे, दुसऱ्यात २.३५. नेहमी आधार देणार असाल त्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर बांधा. क्यूटी ६.५ पासून ‘लिबएक्ससीबी-कर्सर०’ हे पॅकेज लागतं, ते कोऱ्या यंत्रावर असेलच असं नाही. ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) द्यायचा विचार असेल तर नव्या उबुंटूवर त्याला लागणारं ‘लिबफ्यूज२’ आपोआप येत नाही, हे सूचनेत लिहा.

आता मॅक. परवान्यानुसार मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर आभासी चालवता येतं, त्यामुळं उबुंटूवर जुगाड करून ते बसवायच्या भानगडीत पडू नका. गिटहबच्या मॅक यंत्रावर बांधणी आणि चाचण्या होतील तेवढ्या होऊ द्या. पण सही आणि नोटरायझेशन (ॲपलनं तपासून दिलेली मंजुरी) नसलेलं ॲप मॅक अडवतो. मॅकओएस १५ पासून कंट्रोल-क्लिकची पळवाटही गेली, सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन परवानगी द्यावी लागते. नोटरायझेशनसाठी ॲपलच्या डेव्हलपर कार्यक्रमाची वर्षाला ९९ डॉलर वर्गणी आहे. तुमच्या तक्त्यात एकाही वाचनालयात मॅक नसेल तर हे पैसे प्रिंटरच्या कागदावर खर्च केलेले बरे. मित्राला दुखवायची गरज नाही. मॅकची बांधणी ‘प्रायोगिक, माणसानं वापरून न पाहिलेली’ अशा पाटीखाली ठेवा आणि ती पाटी काढायची जबाबदारी त्यालाच द्या. मॅकवाला कुणी भेटला की दोघं मिळून तपासतील.

पहिल्या मित्राचं म्हणणं, लोक चुका कळवतील, हे प्रोग्रामर वापरतात त्या सॉफ्टवेअरपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. ग्रंथपाल गिटहबवर तक्रार नोंदवत नाहीत. पावती चुकली की त्या पुन्हा रजिस्टर उघडतात, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा तुम्हीच जाऊन बसा. तिसऱ्या आठवड्यात ‘रिलीज कँडिडेट’ (जवळजवळ अंतिम आवृत्ती) काढा आणि तिथून नवीन काही घालणं बंद, फक्त दुरुस्त्या. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर आणि एक पानी मराठी सूचनापत्र घेऊन तीन वेगळ्या धाटणीच्या ठिकाणी जा: एक शहरातलं, एक राधानगरी-गगनबावड्याच्या अंगाचं, आणि एक असं जिथं संगणक फक्त सचिवांच्या ताब्यात असतो. इन्स्टॉल करण्यापासून पावती छापण्यापर्यंत सगळं त्यांनाच करू द्या. तुम्ही माउसला हात लावायचा नाही आणि ‘तिथं नाही, इथं दाबा’ असं म्हणायचं नाही. जिथं त्या अडतात ती जागा वहीत लिहा. ‘मदत’ मेन्यूत एक बटण द्या, ज्यानं आवृत्ती, विंडोजचा क्रमांक आणि लॉगच्या शेवटच्या ओळी कॉपी होतील आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करता येतील. त्यात सभासदांची नावं आणि फोन नंबर जाणार नाहीत एवढं बघा.

तारखेचा निर्णय चौथ्या आठवड्याच्या शेवटी घ्या. कसोटी आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर त्या रात्री वाद होतील. सुरूच न होणं, नोंद हरवणं किंवा बदलणं, पावतीवर चुकीची रक्कम, आणि जुन्या आवृत्तीवर नवी टाकताना किंवा अनइन्स्टॉल करताना डेटा पुसला जाणं: यातलं एकही उरलं असेल तर १ मेला जाहीर करू नका. त्याऐवजी त्याच दिवशी ‘प्री-रिलीज’ अशी खूण करून दुसरा कँडिडेट ठेवा, म्हणजे कार्यक्रमही होईल आणि कुणाची फसवणूकही नाही. चुकलेलं चित्र, हललेलं बटण, अर्धवट भाषांतर यासाठी तारीख हलवायची नाही. ते ‘माहीत असलेल्या अडचणी’ या मथळ्याखाली लिहून टाका, आणि शेजारी तपासलेल्या सिस्टिमचा तक्ता द्या: विंडोज १० आणि ११ कुणी कुठल्या दिवशी तपासलं, उबुंटूच्या कोणत्या आवृत्त्या, मॅक प्रायोगिक, विंडोज ७ चालत नाही.

इन्स्टॉलरसोबत त्याचा एसएचए-२५६ आकडाही (फाइल जराही बदलली की बदलणारी तिची ओळख) छापा. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरताना फाइल अर्धवट कॉपी झाली किंवा व्हायरस चिकटला तर विंडोजच्या ‘सर्टयुटिल’नं तो जुळवून बघता येतो. ती आज्ञा सूचनापत्राच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत द्या.